पिकअप नवा, तरी शेवटची गाणी अडकतात: लेझरचा प्रीसेट फिरवण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्वदच्या दशकातला सीडी प्लेअर, तीन किरणांचा पिकअप (लेझर आणि लेन्स असलेला, डिस्क वाचणारा भाग), दातेरी पट्टीवर सरकणारा. सुरुवातीची गाणी स्वच्छ वाजतात, शेवटची तीन-चार अडकतात किंवा उड्या मारतात. घरी बर्न केलेल्या सीडी-आर कधी वाचतो, कधी नाही. स्पिंडल मोटर (डिस्क फिरवणारी) आणि पिकअप दोन्ही नवे बसवले, तरी फरक नाही. आता पिकअपवरचा बारीक प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) फिरवून लेझर वाढवावा का?

नाही. निदान इतक्यात तरी नाही. लेझर क्षीण झाला असेल तर तो डिस्कभर क्षीण असतो. डिस्कची अनुक्रमणिका अगदी आतल्या कडेला, २३ ते २५ मिलिमीटर त्रिज्येवर असते. लेझर खरोखर थकला असता तर मुळात तीच वाचताना अडचण आली असती आणि पहिल्या गाण्यापर्यंतही पोचायला झगडावं लागलं असतं. आतून बाहेर जाताना लेझर बदलत नाही, बदलते ती यांत्रिक परिस्थिती. डिस्कचा वाक बाहेर जास्त जाणवतो, पिकअप रुळांच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो, आणि त्याची सरकण्याची गती सगळ्यात कमी झालेली असते. त्यातून तुम्ही मोटर बदलली आहे, म्हणजे टर्नटेबल (डिस्क बसते ती चकती) काढून पुन्हा ठोकलं आहे. माझा पहिला संशय तिथेच आहे.

आधी सर्वोला (लेन्स सतत ट्रॅकवर आणि फोकसमध्ये धरून ठेवणाऱ्या नियंत्रणाला) काय पेलायचं असतं ते आकड्यांत पाहू, म्हणजे पुढच्या मोजमापांना अर्थ येईल. सीडीवर डेटाच्या दोन वेढ्यांमधलं, म्हणजे दोन ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रॉन. लेझर ७८० नॅनोमीटर, लेन्सचं न्यूमरिकल अपर्चर (ती किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचं माप) ०.४५. यावरून फोकसची खोली निघते साधारण अधिक-उणे २ मायक्रॉन. डिस्क मात्र फिरताना अर्धा मिलिमीटरपर्यंत वर-खाली होऊ शकते. म्हणजे लेन्सला डिस्कची हालचाल काही शे पटींनी दाबून टाकावी लागते. आडव्या दिशेला तर चूक ०.१ मायक्रॉनच्या आसपास ठेवावी लागते, आणि डिस्कचं केंद्र स्वतःच ७० मायक्रॉन इकडेतिकडे असलेलं चालतं. ही सगळी कसरत चार बारीक तारांवर लटकलेली लेन्स करते. यांत्रिक चूक तिच्यावर टाकली की ती बराच काळ निमूटपणे झाकत राहते. राखीव ताकद संपते तिथे गाणं अडकतं. म्हणून यांत्रिक दोष बऱ्याचदा लेझरच्या दोषासारखा दिसतो.

आता टर्नटेबलची उंची. टर्नटेबल मोटरच्या शाफ्टवर नुसतं दाबून बसवलेलं असतं, त्याला ना खाच ना स्क्रू. ते किती खोल दाबायचं हे मेकॅनिझमनुसार ठरतं आणि साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत साधावं लागतं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मोटरच्या बैठकीपासूनचं माप दिलेलं असतं. मॅन्युअल नसेल तर जुनं टर्नटेबल काढण्याआधी व्हर्नियरच्या खोली मोजायच्या दांडीने तीन ठिकाणी माप घेऊन लिहून ठेवायचं. बसवताना शाफ्टचं खालचं टोक कठीण, सपाट पृष्ठभागावर टेकलेलं हवं. नाहीतर सगळा दाब मोटरच्या मागच्या पत्र्यावर येतो आणि बेअरिंगचा खेळ बिघडतो. हातोडी नको, बाकावरचा व्हाइस किंवा ड्रिल स्टँड हळू दाबा आणि मधे ठरलेल्या जाडीची पट्टी ठेवा, म्हणजे टर्नटेबल तिला टेकलं की दाब आपोआप थांबतो.

तुमच्याकडे जुनं माप नसेल, तरी मार्ग आहे. फोकस कॉइलच्या (लेन्स वर-खाली हलवणाऱ्या) दोन टोकांमध्ये डीसी मीटर लावा आणि चांगली, सपाट, छापील डिस्क वाजवा. लेन्सची लटकण्याची जागा अशी आखलेली असते की टर्नटेबल योग्य उंचीवर असताना कॉइलला सतत ढकलावं लागत नाही. सरासरी व्होल्टेज शून्याजवळ हवं. ते कायम एकाच बाजूला झुकलेलं असेल तर उंची चुकली आहे, आणि चिन्हावरून दिशाही कळते: मोटर बंद असताना दीड व्होल्टचा सेल शंभर ओहमच्या रेझिस्टरमधून क्षणभर कॉइलला लावून लेन्स कुठल्या चिन्हाला वर जाते ते आधी पाहून ठेवा. एक सावधगिरी हवी. या कॉइल ब्रिज ड्रायव्हरवर चालतात, दोन्ही टोकं जमिनीपासून (ग्राउंडपासून) वर असतात. बॅटरीवरचा मीटर चालेल. स्कोपची (ऑसिलोस्कोपची) जमिनीची क्लिप मात्र कॉइलच्या टोकाला लावू नका, ड्रायव्हर आयसी जाईल.

उंचीइतकाच डुगडुगीचा प्रश्न महत्त्वाचा. टर्नटेबलच्या बैठकीवर एका बाजूला ०.०५ मिलिमीटरचा कचरा, जुन्या गोंदाचा कण, अडकला तरी सुमारे ३० मिलिमीटरच्या बैठकीवर डिस्क इतकी कलते की ५८ मिलिमीटर त्रिज्येवर, म्हणजे शेवटच्या गाण्यांपाशी, कड जवळजवळ ०.१ मिलिमीटर वर जाते. आतल्या गाण्यांना याचा निम्माही त्रास होत नाही. टर्नटेबल तिरकं दाबलं गेलं असेल तर हेच होतं. बघायला सोपं आहे: प्लेअर उघडा ठेवून डिस्कच्या कडेला एखादी स्थिर पट्टी जवळ धरा आणि फट प्रत्येक फेऱ्यात किती लहान-मोठी होते ते पाहा. दोन-तीन वेगळ्या डिस्क लावा. प्रत्येक डिस्कला सारखीच डुगडुग असेल तर दोष टर्नटेबलचा. डिस्कगणिक बदलत असेल तर डिस्कचा. वरचा चुंबकी क्लॅम्प फिरताना त्याच्या कंसाला घासत नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्या. टर्नटेबलवरचं रबर कडक होऊन डिस्क घसरत असेल तर सुरुवातीचा वेग पकडताना आवाज येतो.

यानंतर स्लेड, म्हणजे पिकअप सरकवणारी यंत्रणा. तुमच्या लक्षणाशी हिचं नातं सगळ्यात घट्ट आहे. डिस्कच्या प्रत्येक फेऱ्याला पिकअप १.६ मायक्रॉनच बाहेर सरकतो. आतल्या बाजूला डिस्क मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, म्हणजे पिकअपचा वेग सेकंदाला १३ मायक्रॉनच्या आसपास. बाहेरच्या कडेला फेरे २००-२१५ वर येतात आणि पिकअपचा वेग ५-६ मायक्रॉन. इतक्या मंद गतीला कुठलीही साधी मोटर अखंड फिरू शकत नाही. प्रत्यक्षात घडतं ते असं: आधी लेन्स एकटीच बाहेर झुकत जाते, ट्रॅकिंग कॉइलमधला (लेन्स आडवी हलवणाऱ्या) सरासरी प्रवाह वाढतो, तो स्लेड मोटरकडे जातो, मोटरवरचं व्होल्टेज हळूहळू चढतं, आणि घर्षण मोडलं की गिअर एखादा बारीक झटका घेतो. व्होल्टेज उतरतं, लेन्स पुन्हा मधे येते. काही सेकंदांनी तेच चक्र.

स्लेड मोटरवर मीटर लावून हे चक्र डोळ्यांनी बघता येतं, आणि ते बघितल्याशिवाय या मेकॅनिझमचं निदान करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. निरोगी यंत्रात चढ लहान आणि नियमित असतो. ग्रीस वाळलं असेल तर व्होल्टेज बराच वेळ चढत राहतं, मग मोठा झटका, आणि गाण्यातली उडी नेमकी त्या झटक्याला येते. वरून टॉर्च मारून लेन्स पाहिली तर ती एका बाजूला चांगली झुकलेली दिसते. झुकलेल्या लेन्सचा अक्ष पिकअपच्या बाकीच्या प्रकाशमार्गाशी जुळत नाही, त्यामुळे डिटेक्टरवरचे (परतलेला प्रकाश वाचणाऱ्या सेन्सरवरचे) ठिपके सरकतात आणि वाचन आधीच कमजोर होतं.

स्लेडची दुरुस्ती साधी, पण सगळी करायची. पिकअप काढून स्टीलचा शाफ्ट आणि पिकअपच्या दोन्ही बुश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिवळेपणा जाईपर्यंत पुसा. शाफ्ट काचेवर लोळवून वाकलेला नाही ना ते पाहा. पांढऱ्या गिअरच्या दात्यांत बसलेलं घट्ट ग्रीस लाकडी टूथपिकने प्रत्येक दात्यातून काढा. एका दात्यात अडकलेला केस किंवा कचरा दर वेळी ठराविक जागीच गाणं अडकवतो. मग शाफ्टवर हलक्या मशीन ऑइलचा पुसट थर आणि गिअरवर प्लास्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस, तांदळाच्या दाण्याहून कमी. डब्ल्यूडी-४० मारू नका. ते उडून लेन्सवर बसतं आणि थोड्या दिवसांत सुकून परत तेच. दातेरी पट्टी दुहेरी असेल, म्हणजे एकावर एक दोन पट्ट्या आणि मधे बारीक स्प्रिंग, तर बसवताना वरची पट्टी एक-दोन दाते पुढे ढकलून मगच गिअरमध्ये गुंतवायची. तसं न केल्यास दात्यांतला खेळ उरतो आणि पिकअप जागच्या जागी डळमळतो. शेवटी स्लेड मोटरला दीड व्होल्टचा एकच सेल लावा. पिकअप या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता, एकाच सुरात गेला पाहिजे. बाहेरच्या टोकाला आवाज बदलत असेल तर लवचीक पट्टी केबल बघा. नवा पिकअप बसवताना तिची घडी चुकली की ती शेवटच्या सेंटिमीटरला पिकअप मागे ओढते. शेवटचीच गाणी अडकण्याचं हे कारण फार जण चुकवतात.

तिसरी गोष्ट भूमितीची, आणि मोटर बदलल्यानंतर ती विशेष पाहायची. तीन किरणांच्या पिकअपमध्ये मधला किरण वाचतो आणि पुढे-मागे साधारण २० मायक्रॉनवर पडणारे दोन किरण ट्रॅकची बाजू सांगतात. हे बाजूचे ठिपके ट्रॅकच्या पाव अंतराने, म्हणजे ०.४ मायक्रॉनने, एक आत आणि एक बाहेर ठेवलेले असतात. २० मायक्रॉनवर ०.४ मायक्रॉन म्हणजे सव्वा अंशापेक्षाही कमी कोन. लेन्स ज्या रेषेवर सरकते ती डिस्कच्या केंद्रातून जात असेल तरच हा कोन आतून बाहेरपर्यंत तसाच राहतो. मोटर अर्धा मिलिमीटर बाजूला बसली तर २५ मिलिमीटर त्रिज्येवर कोनात १.१५ अंशाची चूक येते आणि ५८ वर अर्ध्या अंशाची. म्हणजे आत जुळवलेलं बाहेर जुळत नाही. मोटरच्या स्क्रूंच्या भोकांत असा खेळ असू शकतो. मोटरचं मधलं गोल उठाव बैठकीच्या भोकात घट्ट बसतं का ते पाहा आणि स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. फिलिप्सच्या सीडीएम-४ सारख्या मेकॅनिझममध्ये पिकअप झोक्याच्या दांडीवर कमानीत फिरतो. तिथे ट्रॅकशी कोन सतत बदलतोच, म्हणून एकच किरण वापरला आहे आणि हा प्रश्नच उद्भवत नाही.

स्कोप उपलब्ध असेल तर आता तो काढा. ट्रॅकिंग सर्वो बंद करून, फोकस चालू ठेवून, ट्रॅकिंग एररचा सिग्नल बघा. डिस्कच्या केंद्राच्या चुकीमुळे ट्रॅक लेन्सखालून आत-बाहेर जातात आणि प्रत्येक ट्रॅक एक लाट काढतो. एका फेऱ्यात किती लाटा येतात ते मोजा, निम्मे करा, १.६ ने गुणा: एकूण आत-बाहेर हालचाल मायक्रॉनमध्ये मिळते. १७५ लाटा म्हणजे १४० मायक्रॉन, तेवढं चालतं. अनेक डिस्कवर हा आकडा याच्या दुप्पट-तिप्पट येत असेल तर टर्नटेबलचा मधला शंकू खराब आहे किंवा शाफ्ट वाकला आहे. याच सिग्नलची वरची आणि खालची बाजू संदर्भ व्होल्टेजभोवती सारखी हवी. ती सारखी करण्याचा प्रीसेट मुख्य बोर्डावर असतो, त्याला ई-एफ बॅलन्स म्हणतात. नवीन डिजिटल सर्वो हे काम स्वतः करतात. आत बॅलन्स बरोबर आणि बाहेर लाटांची उंची घसरलेली, असं दिसलं तर वर सांगितलेली भूमिती चुकली आहे. प्रीसेटने ती सुधारत नाही.

मग आरएफ, म्हणजे डिस्कवरून वाचलेला मूळ सिग्नल. चाचणी बिंदूवर स्कोप लावा, वेळ अर्धा मायक्रोसेकंद प्रति घर, एसी कपलिंग. एकात एक गुंतलेले पतंग दिसतात, त्याला आय पॅटर्न म्हणतात. उंची किती हवी हे मॅन्युअल सांगतं. बऱ्याच मशीनमध्ये ती १ ते १.५ व्होल्टच्या दरम्यान असते. चाचणीला सोनीची वायईडीएस-१८ डिस्क असेल तर उत्तम, नसेल तर ओरखडे नसलेली लांब छापील सीडी. नुसती उंची बघू नका, पतंगांची पोकळी बघा. पोकळी स्वच्छ पण उंची कमी: लेन्स किंवा तिच्याखालचा आरसा मळलेला, नाहीतर लेझर खरोखर कमी. उंची पुरेशी पण पोकळी धूसर: फोकस बायस (फोकसचा मूळ बिंदू) चुकलेला किंवा डिस्क आणि लेन्स एकमेकींना समांतर नाहीत. आता वेळ ५० मिलिसेकंद प्रति घर करा. उंची प्रत्येक फेऱ्याला एकदा फुगत-आकसत असेल, म्हणजे आत सुमारे १२० आणि बाहेर २८० मिलिसेकंदांनी, तर टर्नटेबल डुगडुगतंय. पहिल्या आणि शेवटच्या गाण्यावर हे चित्र घेऊन शेजारी ठेवलं की तुमच्या तक्रारीचं उत्तर बहुतेक तिथेच दिसेल.

लेन्स पुसायची तर इअरबड अल्कोहोलने जेमतेम ओला, वजन न देता, मधून बाहेर एक गोल. ॲसिटोन नको, बऱ्याच लेन्स प्लास्टिकच्या असतात. आरशावरची धूळ रबरी फुग्याने उडवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात यंत्र उघडल्या-उघडल्या वाचत नसेल तर आधी तासभर चालू ठेवा, लेन्सवरचं बाष्प जाऊ द्या.

सीडी-आरचं वेगळं गणित नाही. छापील सीडी प्रकाशाचा ७० टक्क्यांच्या वर भाग परत पाठवते, सीडी-आर थोडा कमी. राखीव जागा आधीच कमी असल्याने कुठलाही यांत्रिक दोष तिथे प्रथम दिसतो. वरचं सगळं दुरुस्त झालं की सीडी-आर सहसा आपोआप वाचल्या जातात. सीडी-आरडब्ल्यू मात्र १५ ते २५ टक्केच परत पाठवते. त्यासाठी वेगळं गेन (सिग्नल वाढवण्याची सोय) नसलेल्या प्लेअरकडून ती अपेक्षा ठेवू नका.

आता राहिला लेझरचा प्रीसेट. लेझरच्या डबीतच एक छोटा फोटोडायोड असतो, तो स्वतःच्या लेझरचा प्रकाश मोजतो आणि सर्किट त्यावरून प्रवाह कमी-जास्त करून प्रकाश कायम ठेवतं. प्रीसेट फिरवून तुम्ही हे लक्ष्यच उचलता. थकलेला लेझर तेवढ्याच प्रकाशासाठी जास्त प्रवाह आधीच पितो आहे. लक्ष्य वाढवलं की तो आणखी तापतो आणि काही आठवड्यांत संपतो. नव्या पिकअपचा प्रीसेट कारखान्यात त्याच्या स्वतःच्या डायोडला जुळवलेला असतो, त्याला हात लावायचं कारणच नाही. तरीही शंका असेल तर फिरवण्याऐवजी मोजा. लेझर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरजवळ १० किंवा २२ ओहमचा रेझिस्टर असतो. त्यावरचं व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स म्हणजे प्रवाह. सीडीचे लेझर बहुधा ४० ते ६० मिलिअँपिअरमध्ये चालतात. बऱ्याच पिकअपच्या लेबलवर मूळ आकडा छापलेला असतो: शेवटचे तीन अंक ४८५ असतील तर ४८.५ मिलिअँपिअर. प्रवाह त्याच्या जवळ असेल तर लेझर ठीक आहे. दहा टक्क्यांहून बराच वर आणि आरएफ तरीही कमी, तर पिकअप बदला. हे काम करताना लेन्सकडे सरळ वरून पाहू नका. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला फिकट लाल ठिपका वाटतो, पण खरा त्याहून कितीतरी तीव्र असतो. किमान ३० सेंटिमीटर लांबून आणि तिरकं पाहा.

पिकअप पुन्हा बदलावाच लागला तर दोन गोष्टी. नव्या पिकअपच्या छोट्या बोर्डावर लेझरची दोन टोकं सोल्डरच्या थेंबाने जोडलेली असतात, स्थिर विजेपासून वाचवायला. आधी पट्टी केबल जोडायची, मग तो थेंब काढायचा. पिकअप काढताना उलट, आधी थेंब, मग केबल. मनगटाला जमिनीचा पट्टा हवा. दुसरं, लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत तोच क्रमांक छापलेले नकली पिकअपही मिळतात. घेताना लेन्सची कडा पिकअपच्या वरच्या पृष्ठभागाला समांतर आहे का ते बाजूने पाहा. तिरकी असेल तर तो पिकअप घेऊ नका, ती नंतर सरळ करता येत नाही.

हीच चर्चा डीव्हीडी ड्राइव्हसाठी केली तर डिस्क आणि लेन्समधल्या कलाचं, म्हणजे तिरकेपणाचं, महत्त्व वाढतं. डिस्क कलल्याने येणारा दोष न्यूमरिकल अपर्चरच्या घनाने आणि पारदर्शक थराच्या जाडीने वाढतो, तरंगलांबीने भागला जातो. सीडीसाठी हे गुणोत्तर ०.१४ येतं. डीव्हीडीला ०.६०, ०.६ मिलिमीटर आणि ६५० नॅनोमीटर घातले की ०.२०. ब्लू-रेचं अपर्चर ०.८५ आणि लेझर ४०५ नॅनोमीटर, थर ०.६ मिलिमीटरच ठेवला असता तर ०.९ झालं असतं, म्हणून तो ०.१ वर आणला आणि गुणोत्तर ०.१५ वर आलं. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये शाफ्टच्या टोकांना रंगाने बंद केलेले स्क्रू असतात ते कल जुळवायला. एम-२ स्क्रूचा आटा ०.४ मिलिमीटरचा, म्हणजे पाव फेरा ०.१ मिलिमीटर आणि ५० मिलिमीटरच्या शाफ्टवर ०.११ अंश. जिटर (सिग्नलच्या वेळेतली चलबिचल) मोजायची सोय नसेल तर त्यांना हात लावू नका. असेल तर आधी बाहेरच्या कडेला त्रिज्येच्या दिशेचा कल, मग फिरण्याच्या दिशेचा, पुन्हा पहिला, असं किमान जिटरपर्यंत जाऊन रंगाचा थेंब परत द्या.

तुमच्या बाबतीत क्रम असा धरा: पट्टी केबल आणि गिअर, मग फोकस कॉइलवरचं व्होल्टेज, मग टर्नटेबलची डुगडुग. त्यानंतर ७० मिनिटांहून लांब छापील सीडी लावून थेट शेवटचं गाणं निवडा आणि ते तीन वेळा पूर्ण वाजू द्या, मग यंत्र अर्धा तास तापू देऊन पुन्हा एकदा. तापल्यावरच अडकत असेल तर स्पिंडल मोटरवर जा: मीटर ओहमवर लावून शाफ्ट बोटाने हळू फिरवा, आकडा एका जागी अचानक उडी मारत असेल तर नव्या मोटरचे ब्रशही खराब असू शकतात.